जिंकून आलेल्यांनी पुन्हा पात्रता का सिद्ध करावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेविषयी, म्हणजे एनसीएए या तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या ‘मार्च मॅडनेस’विषयी, आपल्या वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा अंतिम सामन्याचा निकाल आणि एखाद्या दुबळ्या संघाच्या सनसनाटी विजयाचे कौतुक एवढ्यावर आटोपते. या स्पर्धेत प्रवेश कोणाला व कसा मिळतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. स्पर्धेच्या विस्तारावरून, म्हणजे संघांची संख्या वाढवण्यावरून, तेथे जो वाद चालत आला आहे त्याचे मूळ याच प्रश्नात असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

१९३९ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा तीत आठच संघ होते आणि ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवून ओरेगन पहिला विजेता ठरला. आज संघ ६८ आहेत. त्यांचे दोन वर्ग पडतात : आपापल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विभागीय संघटनेचे, विजेतेपद मिळवून थेट हक्काने येणारे, आणि उरलेल्यांतून निवड समितीने आपल्या विवेकाने घेतलेले. २०२५च्या स्पर्धेत पहिल्या वर्गात ३१ आणि दुसऱ्यात ३७ संघ होते.

समितीच्या निवडीला मुळातच विरोध करण्याचे कारण नाही. १९७४पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ घेण्याचा नियम होता. त्या वर्षी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. हे दोन्ही संघ देशातील अव्वल संघांत गणले जात होते, तरीही मेरिलँडला घरी बसावे लागले आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटने नंतर, आधीची सलग सात वर्षे विजेता ठरलेल्या यूसीएलए विद्यापीठाला उपांत्य फेरीत नमवून विजेतेपदही पटकावले. पुढच्याच वर्षी संघांची संख्या ३२ झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेण्याची मुभा मिळाली. तो बदल न्याय्यच होता. परंतु त्या वेळी प्रश्न देशातल्या उत्कृष्ट संघाला जागा मिळण्याचा होता. आज ज्यांच्यासाठी जागा वाढवण्याची भाषा होते ते संघ आपल्याच कॉन्फरन्सच्या तक्त्यात मध्यावर किंवा त्याही खाली असतात. २०२५मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या १६ सदस्यांपैकी १४ संघांना प्रवेश मिळाला. हे संघ दुबळे होते असे कोणी म्हणणार नाही, कारण त्यांतील सात शेवटच्या १६ संघांत पोहोचले आणि फ्लोरिडाने अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून अजिंक्यपदही मिळवले. मात्र सोळापैकी चौदा संघ जेथून घेतले जातात, तेथे आणखी किती जणांवर अन्याय होतो आहे, हे विस्ताराच्या पुरस्कर्त्यांनीच सांगावे.

याउलट लहान कॉन्फरन्समधील संघाला दुसरी वाट जवळपास नसतेच. २०१८ साली मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघाने, म्हणजे यूएमबीसीने, अव्वल मानांकित व्हर्जिनियाला हरवले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात त्या मुलांनी ५३ गुण केले आणि सामना ७४-५४ असा जिंकला. यूएमबीसीला सोळावे, म्हणजे आपल्या १६ संघांच्या गटातील तळाचे मानांकन होते. त्यापूर्वी पुरुषांच्या स्पर्धेत सोळावे मानांकन असलेले संघ अव्वल मानांकितांकडून सर्वच्या सर्व १३५ सामने हरले होते. पण त्याच्या काही दिवस आधी काय घडले, ते फारसे सांगितले जात नाही. आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात यूएमबीसीची गाठ व्हर्मांटशी, व्हर्मांटच्याच मैदानावर पडली होती. बरोबरी असताना अगदी अखेरच्या क्षणी यूएमबीसीच्या जायरस लाइल्सने तीन गुणांचा फटका मारला आणि सामना ६५-६२ असा सुटला. तो चेंडू कडीवर आपटून बाहेर आला असता आणि जादा वेळेत व्हर्मांट जिंकले असते, तर समितीने यूएमबीसीचे नावही घेतले नसते.

अशा रीतीने जिंकून आलेल्यांशी स्पर्धा कशी वागते? २०११पासून ६८ संघांतून ६४ उरावेत म्हणून ‘फर्स्ट फोर’ नावाचे चार सामने ओहायोतील डेटन येथे होतात. त्यांपैकी दोन समितीने सर्वांत शेवटी निवडलेल्या चार संघांमध्ये होतात, हे योग्यच आहे. उरलेले दोन मात्र सर्वांत खालचे मानांकन मिळालेल्या चार कॉन्फरन्स-प्रतिनिधींमध्ये खेळवले जातात. म्हणजे हक्काने प्रवेश मिळवलेल्या संघालाही मुख्य फेरीत येण्यासाठी पुन्हा परीक्षा, आणि मोठ्या कॉन्फरन्समधील आठव्या-नवव्या क्रमांकाचा संघ अनेकदा थेट आत! २०२३मध्ये फेअरली डिकिन्सनचा संघ बुधवारी डेटनमध्ये टेक्सास सदर्नशी खेळला, शुक्रवारी कोलंबसमध्ये उतरला आणि सात फूट चार इंच उंचीच्या झॅक ईडीच्या अव्वल मानांकित पर्ड्यूला त्याने ६३-५८ असे हरवले. आदल्या हंगामात अवघे चार सामने जिंकलेला हा संघ देशातील सर्वांत बुटक्या संघांपैकी एक होता. (खरे तर त्यांच्या कॉन्फरन्सची स्पर्धा मेरिमॅकने जिंकली होती, पण तो संघ खालच्या श्रेणीतून नुकताच वर आलेला असल्याने नियमानुसार अपात्र होता.)

विस्ताराच्या बाजूनेही एक दाखला आहे आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०११मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थच्या निवडीवर समीक्षकांनी कडाडून टीका केली होती. त्याच संघाने ‘फर्स्ट फोर’मधून सुरुवात करून कॅन्ससला हरवत उपांत्य फेरी गाठली. प्रवेश ६४ संघांपुरता असता, तर तो खेळूच शकला नसता. परंतु तो संघही मोठ्या कॉन्फरन्समधला नव्हता. वाढीव जागा अशा संघांना मिळणार असतील तर तक्रार कशाला?

२०२५मध्ये ७२ किंवा ७६ संघांचा विचार झाला. २०२६ची स्पर्धा ६८ संघांचीच राहील असे ऑगस्टमध्ये जाहीर करताना पुढच्या वर्षांसाठी दार उघडे ठेवण्यात आले. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या अब्जावधी डॉलरचे गणित पाहता ते नवल नव्हे. संख्या वाढवायचीच असेल, तर माझी सूचना एवढीच आहे की, कॉन्फरन्स-विजेत्या सर्व ३१ संघांना थेट ६४ संघांच्या फेरीत जागा द्यावी आणि पात्रता सामने केवळ समितीने निवडलेल्या संघांमध्ये खेळवावेत. संघ ६८ असतील तर निवडलेल्या ३७ पैकी आठ जण चार जागांसाठी झुंजतील. ७६ झाले तर ४५ पैकी चोवीस जण बारा जागांसाठी. हिशेब दोन्हीकडे बरोबर बसतो आणि प्रसिद्ध संघ खेळल्याने वाहिन्यांचेही नुकसान होत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, डेटनमधील सामना जिंकला की लहान कॉन्फरन्सला स्पर्धेच्या उत्पन्नातील एक जादा हिस्सा मिळतो आणि तो सहा वर्षे पोहोचत राहतो. ही संधी तिने का गमवावी? आक्षेप रास्त आहे. परंतु ती भरपाई वाटपाचा नियम बदलूनही देता येईल. त्यासाठी विजेत्यांना पात्रता फेरीत उतरवण्याची गरज नाही.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक