'साधारण पंधरा ते वीस किलो' म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत कनू (वल्ह्याने चालवायची निमुळती, उघडी होडी) घेऊन एकट्याने केलेल्या मुक्कामी भटकंतीवर लेख आला आहे. आवडला. मात्र त्यात होडीचे वजन 'साधारण १५ ते २० किलो' आणि सामानाचे 'जवळपास तेवढेच' असे छापले आहे. मी एकतीस वर्षे वैधमापन खात्यात निरीक्षक होतो. मशीद बंदरपासून दहिसरपर्यंत दुकानदारांचे काटे तपासण्यात आयुष्य गेले. वजनाच्या आधी 'साधारण' आले की मला राहवत नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे टोरांटोला गेलो होतो. उन्हाळाभर तिच्या घराजवळच्या तळ्यात वल्हवायला शिकलो आणि सप्टेंबरात, वयाच्या ६३व्या वर्षी, कॅनडातल्याच अल्गाँक्विनच्या राखीव जंगलात चार रात्री एकटा राहून आलो. १८९३ साली राखलेले हे रान साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. आत प्रवास पाण्यावरून. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचे, मध्ये जमीन आली की होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायचे. कोणती रात्र कोणत्या तळ्यावर, हे आधी ठरवून परवाना काढावा लागतो.

होडी भाड्याची, केवलारची. गोळी अडवणाऱ्या जाकिटात असतो तोच धागा. दुकानदार म्हणाला, पंधरा किलो. मी गिरगावातून नेलेला ताणकाटा काढून झाडाच्या फांदीला अडकवला. खांद्यावर घ्यायच्या लाकडी जूसकट भरली १५ किलो ९०० ग्रॅम. तो हसला, भाडे मात्र कमी केले नाही. सामान मुलीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आदल्या रात्रीच मोजले होते, शिध्यासकट ११ किलो ४००. एकूण २७ किलो ३००.

वजनाची एवढी काटकसर का, ते लेखात आलेले नाही, म्हणून सांगतो. जमिनीवरच्या वाटेत एका फेरीत होडी आणि दुसऱ्या फेरीत सामान न्यायचे, तर मध्ये एकदा रिकाम्या हाताने परत यावे लागते. म्हणजे एक किलोमीटरची वाट तीन किलोमीटर होते. सगळे एकाच खेपेत उचलता आले तर एकच. कॅनू लेक ते जो लेक ही पहिली वाट सुमारे ३०० मीटरची, ती मी एका दमात पार केली. तिसऱ्या दिवशीच्या लांब वाटेवर गुमान दोन फेऱ्या मारल्या.

हलक्या सामानाला लाखभर रुपये लागतात, हे लेखातले म्हणणेही मला पटले नाही. तंबू जावयाचा होता, बाकीचे बरेचसे घरातलेच. वजन उतरले ते घरी ठेवलेल्या वस्तूंनी. घडीची खुर्ची, दुसरे पातेले, जीन्स. माझी जीन्स कोरडी असताना ७४० ग्रॅम भरली आणि भिजवून मोजली तर दीड किलोच्या वर गेली. (हा प्रयोग पाहून मुलीने माझ्या तब्येतीची चौकशी केली.) शिधा म्हणजे मेतकूट, तांदूळ, भाजणी, सातूचे पीठ, पोहे, गूळ, दिवसाला सुमारे ६०० ग्रॅम. आतल्या तळ्यांवर पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे सगळे पिशव्यांत. अस्वलांच्या हाती लागू नये म्हणून शिध्याची पिशवी रात्री झाडाला टांगायची, जमिनीपासून चार मीटर वर आणि बुंध्यापासून दोन मीटर लांब. आपले शिंकेच ते. भाजणीला हिंगाचा वास बऱ्यापैकी होता, पण चारही रात्री एकही गोविंदा फिरकला नाही.

हलक्या होडीची हौस नवी आहे, असा लेखाचा सूर आहे. १८८३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिराँडॅक डोंगरांत जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स नावाचा साठी ओलांडलेला, छातीच्या दुखण्याने खंगलेला गृहस्थ २६६ मैल एकटा फिरला. जे. हेन्री रश्टन या कारागिराने त्याच्यासाठी बांधलेली देवदाराची कनू साडेदहा पौंडांची होती. म्हणजे पावणेपाच किलो! केवलारचा तेव्हा पत्ताही नव्हता. आणि बघा, तिथे कुणी 'साधारण दहा-बारा पौंड' लिहून ठेवलेले नाही.

आता खरा वाद. 'जितकी हलकी तितकी उत्तम' असे वाक्य लेखात दोनदा आले आहे. एकट्याने हलक्या होडीत मागे बसले की पुढचे नाक वर उचलले जाते आणि वारा ते हवे तिकडे वळवतो. पहिल्या दुपारी मी अर्धा तास वाकडातिकडा भरकटत होतो. शेवटी सामानाची पिशवी पुढे सरकवली, तिच्याखाली चारेक किलोचा धोंडा ठेवला, तेव्हा होडी सरळ चालली. तराजू झुकवायला लावलेल्या ज्या पासंगापायी मी दुकानदारांवर खटले भरले, तो स्वतःच्या हाताने लावला.

दुसऱ्या दिवशी जेवायला एका खडकाळ टोकावर थांबलो. पिशव्या उतरवल्या, धोंडाही काढला, होडी अर्धी खडकावर ओढली. दोरी बांधली नाही. पाण्यात फेकायची १५ मीटरची तरंगती दोरी तिथे कायद्यानेच जवळ ठेवावी लागते; ती माझ्या पिशवीत व्यवस्थित गुंडाळलेली होती. वाऱ्याचा एक झोत आला आणि होडी पत्रावळीसारखी घसरून पाण्यात गेली. मी हातातले पोहे टाकून उठेपर्यंत ती सहा फुटांवर, पाण्यात पाय घालेपर्यंत साठ फुटांवर. पोहून गाठता येणार नाही, हे ओळखण्याइतकी अक्कल होती. नशिबाने वारा काठाकाठाने वाहत होता. झाडीतून तासभर ठेचकाळत गेलो, तेव्हा ती एका पडलेल्या झाडाला टेकून उभी दिसली. दुकानातली तीसेक किलोची अ‍ॅल्युमिनियमची होडी खडकावरून हलली नसती.

हे सविस्तर लिहायचे कारण, लाइफ जॅकेट 'हाताशी ठेवावे' असा सल्ला लेखात आहे. होडी उलटली की माणूस पाण्यात आणि रिकामी होडी वाऱ्याबरोबर पुढे, त्या दुपारी माझी गेली तशी. जॅकेट होडीत असेल तर तेही तिच्याबरोबर जाणार. माझे ६८० ग्रॅमचे होते आणि पाण्यावर असताना अंगातून काढले नाही.

'आपल्याकडेही तलाव आहेत' हे शेवटचे वाक्यही जरा जपून लिहायला हवे होते. तानसा, वैतरणा हे मुंबईचे पिण्याचे पाणी आहे. पवईत मगरी आहेत. खाडीत जाणाऱ्याने आधी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढावी, नाहीतर ओहोटीत चिखलात रुतून बसायची पाळी.

लेखासोबतच्या छायाचित्रातला तरुण भर तळ्यात वल्हवतो आहे आणि त्याचे केशरी जॅकेट होडीच्या नाकाशी घडी घालून ठेवलेले दिसते. पुढच्या रविवारी या चित्राबद्दल एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक,
गिरगाव, मुंबई ४