बेलचं बटण डाव्या हाताला होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, पक्षाघाताच्या रुग्णांना चालायला शिकवणाऱ्या यंत्रांवरचा लेख वाचला. फोटो छान होते. पट्ट्यांच्या आधारानं उभा पेशंट, शेजारी फिजिओथेरपिस्ट, समोर मोठा पडदा. मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली आणि परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे फोटोत कोण नाही हे आधी दिसतं. एवढ्या मोठ्या लेखात नर्सचा उल्लेख एकदाही नाही. फिजिओ, स्पीच थेरपी सगळं धरून पेशंटचे दिवसाचे तीन-चार तास जातात. उरलेले वीस तास तो कोणाच्या हवाली असतो?

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या दिरांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलमधून सोडल्यावर पुण्यातल्याच एका खासगी पुनर्वसन केंद्रात त्यांना पाच आठवडे ठेवलं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की पुष्कळांना डाव्या बाजूचं भानच राहत नाही. डोळे शाबूत असतात, पण ती बाजू त्यांच्या लेखी नसतेच. भाऊजींच्या ताटातली भाजी संपायची आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची. वर जाऊबाईंना विचारायचे, "आज कोशिंबीर केली नाहीस?" आम्ही ताट फिरवून ठेवायला शिकलो. केंद्रात मात्र नर्सला बोलवायच्या बेलचं बटण डाव्या कठड्याला बांधलेलं होतं, आणि ते तिथं आहे हे भाऊजींना अखेरपर्यंत कळलं नाही.

एकदा पहाटे साडेचारला त्यांना लघवीला लागली. आपल्याला उभं राहता येत नाही, हे अशा पेशंटला पटलेलंही नसतं. कठडे वर होते म्हणून ते पायथ्याकडून उतरले आणि पडले. भुवईवर चार टाके. खुब्याचं हाड वाचलं ते नशीब. रजिस्टरमध्ये नोंद झाली, 'पेशंट सूचना न पाळता खाली उतरला.' आम्हाला विचारलं गेलं, रात्री नातेवाईक कुठे होते? जाऊबाई ७१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. त्या रात्री घरी झोपायला गेल्या, कारण पॅकेजच्या कागदावर '२४ तास नर्सिंग' असं लिहिलं होतं.

त्या रात्री २६ पेशंटना सिस्टर दोघी. एक सहाची इंजेक्शनं भरत होती, दुसरी टोकाच्या खोलीत एका पेशंटचं सक्शन करत होती, म्हणजे घशातला कफ नळीनं काढत होती. दोघींपैकी कोणी झोपलं नव्हतं की मोबाइल बघत नव्हतं. सकाळी त्यातली एक पोरगी माझ्यासमोर रडली. मी तिला काय बोलणार? बारा तासांची ड्युटी, आणि पहाटेची ही वेळ कशी असते ते मला माहीत आहे. त्याच सुमाराला पेशंटना लघवीला लागते, डोळ्यांवर झोप असते, आणि सिस्टर मात्र औषधं आणि चार्टमध्ये अडकलेल्या असतात. पेशंट मागायच्या आधीच चारला भांडं द्यायचं, एवढं ठरवलेलं असतं तरी पुरलं असतं.

बाकी मनुष्यबळ म्हणजे माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या मावशी. माणसं चांगली असतात, पण शिकवलेलं काही नसतं. लुळ्या हाताचा खांदा आधीच सैल पडलेला असतो. त्या पेशंटला बखोटीला धरून उठवलं की सांधा खाली सरकतो आणि दुखणं महिनोन्‌महिने मागे लागतं. एका मावशींना मी दाखवलं: व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, आणि पकड कमरेच्या पट्ट्याला, हाताला नाही. दहा मिनिटांत जमलं त्यांना. म्हणाल्या, "ताई, दोन वर्षं इथं आहे, पण असं कोणी दाखवलंच नव्हतं."

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा तर जुना धडा. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी तो रात्रंदिवस काटेकोर पाळायला लावला, आणि जे बेडसोर (एका कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) चिघळून मरायचे ते उठून बसू लागले. पुढे तिथल्याच खेळांमधून पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं ते याच पॅरालिम्पिकमध्ये. आणि आपल्याकडे? चार्टवर १०, १२, २, ४ अशा सह्या असतात, पण सगळ्या एकाच शाईत, एका दमात केलेल्या. खोटं कशाला सांगू, वॉर्डात माणसं नसत तेव्हा अशा सह्या मीही केल्या आहेत.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, आणि खडकीचं जवानांसाठीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून. नवा आहे तो खासगी केंद्रांचा धंदा. शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांमुळे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच फळ्यावर आणखी एक ओळ सक्तीची करावी: आज रात्री या मजल्यावर पेशंट किती आणि नोंदणीकृत परिचारिका किती. मावशी त्यात धरायच्या नाहीत. पेशंट पडला तर घटनेच्या नोंदीची प्रत घरच्यांना मिळावी, आणि तीत कारण म्हणून 'पेशंटने ऐकलं नाही' एवढंच चालू नये. मेंदूला मार बसलेला माणूस ऐकणार नाही हे गृहीत धरूनच तर अशी केंद्रं चालवायची असतात.

भाऊजी आता घरी आहेत, काठी घेऊन संडासापर्यंत जातात. केंद्राला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की प्रत्येक मजल्यावर सीसीटीव्ही बसवले आहेत. रात्रपाळीला सिस्टर किती, ते फोन करून विचारलं. दोघीच.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, पुणे