शांतिसैनिक आपले, तर निर्णयातही वाटा हवा

मा. संपादक,

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आजवर दोन लाखांहून अधिक भारतीयांनी सेवा बजावली असून काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी वीरमरण आलेल्या कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मात्र या सैनिकांनी तिथे नेमके काय करायचे, हे ठरवणाऱ्या सुरक्षा परिषदेत भारताला कायम जागा नाही. परिषदेने बळाचा वापर करण्याचे ठरवल्यास, सदस्य नसलेल्या ज्या देशाकडे सैन्य मागायचे त्याला त्या सैन्याच्या वापराविषयीच्या निर्णयात सहभागी करून घ्यावे, असे सनदेचे ४४ वे कलम सांगते. ही तरतूद केवळ भाषणांत न मांडता सरकारने सैन्य पाठवण्याची अट म्हणून पुढे करावी.

दक्षिण सुदान व लेबनॉनमध्ये आपले लष्करी पशुवैद्य गावकऱ्यांच्या जनावरांवर उपचार करत आले आहेत, ही गोष्ट पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या आणि देवणी गोवंशाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या उदगीर परिसरात तरी ठाऊक असायला हवी (वृत्तपत्रांतही ती अभावानेच येते). दुष्काळात जनावर जगवणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. अशा मोहिमांतून निवृत्त झालेल्या जवानांची व्याख्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने येथील महाविद्यालयांत ठेवावीत.

– एक वाचक, उदगीर (जि. लातूर)