मुदतवाढीची किंमत कोण मोजतो?

संपादक महोदय,

शासनाने मुदत जाहीर करायची, अखेरच्या दोन दिवसांत संकेतस्थळावर झुंबड उडायची आणि मग मुदतवाढ मिळायची, हे इतके अंगवळणी पडले आहे की मूळ तारीख कोणी मनावर घेत नाही. पॅन-आधार जोडणीची मुदत २०१७ पासून वारंवार पुढे गेली. विलंबशुल्क आधी ५०० आणि नंतर १,००० रुपये झाल्यावरही ती ३१ मार्च २०२३ वरून ३० जूनपर्यंत वाढवावी लागली.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९९१ मधील लेखात चालढकलीचा स्वतःचाच दाखला दिला आहे. भारतात असताना मित्राच्या कपड्यांची पेटी अमेरिकेला पाठवण्याचे काम त्यांच्याकडून आठ महिन्यांहून अधिक काळ राहून गेले. आजची खटपट डोळ्यांत भरते, एका दिवसाच्या विलंबाचे नुकसान क्षुल्लक भासते, आणि साचलेल्या नुकसानाची बेरीज कोणी करत नाही.

थांबणे सरसकट चूक असते, असे मी म्हणणार नाही. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत ठेवतो, तेव्हा वजनातली घट, सड आणि पावसाळ्यात फुटणारे कोंब हा तोटा त्याने गृहीत धरलेला असतो. त्या बदल्यात पुढच्या भावाचा अंदाज घ्यायला त्याला अवधी मिळतो. कर किंवा शुल्क थकवणाऱ्याला थांबून असे नवे काही कळण्याचे कारण नव्हते. अभय योजनांनी ते कारण पुरवले आहे. दंड माफ होण्याची आशा असेल, तर थकवणे हा आळस न राहता चोख हिशेब ठरतो, आणि वेळेवर पैसे भरणारा माणूस विनाकारण तोट्यात जातो. राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये मुद्रांक शुल्कासाठी आणलेल्या अभय योजनेलाही पुढे मुदतवाढ द्यावी लागली, यातच सारे आले.

संकेतस्थळ जितके दिवस बंद राहिले तितकीच मुदतवाढ द्यावी आणि विलंबशुल्क दर आठवड्याला थोडे थोडे वाढत जावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. मालमत्ताकर लवकर भरणाऱ्यांना अनेक महापालिका सवलत देतात. तशी सवलत राज्याच्या इतर शुल्कांनाही लागू करावी, आणि प्रत्येक अभय योजनेत किती रकमेचा दंड सोडून दिला, याचा आकडा शासनाने विधिमंडळासमोर ठेवावा.

— एक करदाता, नाशिक