पेटीला आमेन कळत नाही

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)

चि. बाळास,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज आला. "सर्व कुशल, प्रार्थनेत आठवण असू द्या." बस्, एवढंच. मग मंडळीतल्या एकाकडून कळलं की मागच्या रविवारी तू मोटारसायकलसकट नाल्यात आडवा झालास आणि तसाच चिखलाने माखलेला उपासनेला उभा राहिलास. हे आईला सांगायचं नसतं होय? गुडघ्याला हळद लाव. आणि पडलास तेव्हा तिथली पोरं हसली का, तेवढं कळव. हसली असतील तर तुझं बस्तान बसायला लागलंय म्हणायचं.

आम्ही सातपुड्यातल्या अक्राणीत मंडळीच्या सेवेला गेलो तेव्हा माझ्या लग्नाला चारच महिने झाले होते. एसटी धडगावपर्यंत, पुढं पायी. पहिल्याच पावसाळ्यात पप्पांना हिवताप धरला. एक दिवसाआड दुपार कलली की हुडहुडी सुरू. आमच्या खाटेचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ते कापायला लागले की खाट टकटक टकटक वाजायची. अंगावर दोन गोधड्या, त्यावर माझी लग्नाची शाल, तरी टकटक चालूच. शेवटी शेजारची म्हातारी दारात येऊन विचारते, "मिस्त्री आणलाय का घरात?" गोधडीखालून पप्पांचा आवाज, "मिस्त्री नाही आजी, पाळक आहे. थांबवता येत नाहीये." मी चुलीपाशी रडत बसले होते, ती तशीच खो खो हसत सुटले. म्हातारी घाबरून गेली आणि येताना काढा घेऊन आली. तिथून पुढं ती आमच्या घरचीच झाली.

माझ्या माहेरची बाजाची पेटी तुला आठवतच असेल. सातपुड्यातल्या दमट हवेनं तिची काळी दोनची पट्टी फुगली आणि एका रविवारी शेवटच्या गीताला खाली बसली ती वर येईचना. पप्पांनी आशीर्वाद दिला, आमेन म्हणाले, मंडळी आमेन म्हणाली, पेटी आपली कण्हतेय. मी घाबरून भाता दाबून बंद करायला गेले तर वारा भरून आणखीनच ओरडली! पुढं बसलेला म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "बाई, तुमच्या पेटीला आमेन कळत नाही." त्या दिवशी उपदेश कशावर होता ते कुणालाच आठवत नाही. मलाही नाही.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही, बाबा. एका पावसात बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणत होते, ती वाटेतच गेली. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशीसुद्धा बोललो नाही. हसायचं ते आपल्या फजितीला. लोकांच्या दुःखापाशी नुसतं बसायचं, वचनंही लगेच काढायची नाहीत. पप्पांना हे शिकायला दोन वर्षं लागली.

आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. 1895 साली त्यांच्या यजमानांनी, कवी नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार मोडल्यात जमा झाला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं. मधली वर्षं काय काढली असतील! पण 'स्मृतिचित्रे' लिहायला बसल्या तर वाचणारा डोळे पुसता पुसता हसतोय. आणि प्रेषित पौल? बायबलातलं करिंथकरांस दुसरं पत्र, अकरावा अध्याय काढ. फटके, दगडमार, तीनदा जहाज फुटलं, भूक, थंडी, आणि एवढं सांगून शेवटी काय, तर दिमिष्कात मला पाटीत बसवून खिडकीतून खाली सोडलं! मला तर तो हे सांगताना मिशीत हसत होता असंच वाटतं. पप्पांना हे पटत नाही. ते म्हणतात, पौलाला मिशी होती असं कुठं लिहिलंय?

तू तासभर उपदेश करतोस असंही कळलं. त्रोवसच्या युतुखाला विसरू नकोस. पौल बोलत राहिला आणि हे पोरगं झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली. पौलानं त्याला उठवलं खरं, पण मग पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला. तुला मेलेलं माणूस उठवता येत नाही, तेव्हा वीस मिनिटं पुरे.

मच्छरदाणी आणि शेंगदाण्याची चटणी पार्सलनं पाठवतेय. पप्पा विचारतायत, पेटी हवी का? काळी दोन अजून तशीच आहे.

तुझी,
मम्मी