मंत्रिमहोदय, ते तबक माझ्या हातात होतं

माननीय मंत्रिमहोदय यांस,

सा. न. वि. वि.

आपलं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे खाती फिरत असतात, पत्र पोचेपर्यंत खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं असायचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार ज्यांच्याकडे असेल, त्यांनी हे आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

आपली तशी भेट झालीय. गेल्या मंगळवारी, पणजीत. आपल्याला शाल-श्रीफळ देणाऱ्या साहेबांच्या बाजूला निळ्या साडीतली एक बाई तबक घेऊन उभी होती, ती मी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका खेड्यातलं वाचनालय गेली 14 वर्षं सांभाळते. त्या दिवशी घरून निघाले होते ती शिकायला. तबक वाटेत आलं.

गेल्या वर्षी 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या कार्यक्रमात, आपण म्हणाला होतात की सहा महिन्यांत गावोगावच्या ग्रंथपालांना संगणकाचं प्रशिक्षण देऊ, एकही जण सुटणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, हेही कबूल करते. सहा महिने फेब्रुवारीत संपले. शिगमो झाला, काजूचा हंगाम झाला, पाऊस लागला. मग या सोमवारी संध्याकाळी पावणेसातला व्हॉट्सअॅपवर निरोप आला की उद्या सकाळी साडेनऊला कार्यशाळा, ग्रंथपालांनी अगत्याने उपस्थित राहावे. आमच्या घरात रेंज येत नाही, मारुतीच्या घुमटीपर्यंत चढावं लागतं. त्यामुळे तो अगत्याचा निरोप मी वाचला रात्री साडेआठला.

पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक उरकला. सहाची बस धरून वाळपई, तिथून पणजीची. पाऊस असा की छत्री नुसती हातात धरायला. स्टँडवरून सभागृहाकडे जाताना चपलेचा अंगठा तुटला. पिशवीत वही, आमच्या दाखल रजिस्टरच्या चार पानांची झेरॉक्स आणि विचारायच्या प्रश्नांची यादी. 17 प्रश्न होते. दाराशी टेबलावर बसलेल्या मुलीने यादीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं. माझं नाव नव्हतं. "तुम्ही कायम आहात की मानधनावर?" मानधनावर. "मग ही तुमच्यासाठी नाही. पण आलाच आहात तर उद्घाटनाला बसा, पुढून खुर्च्या रिकाम्या दिसतात." तिचा दोष नाही. वरून जसं सांगितलं तसं ती बोलली, वर मला गरम चहा आणून दिला तो तिनेच.

आपण अकराला आलात. त्याआधी एक शिपाई धावत मागच्या रांगांपाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्यासमोर थांबला. "बाय, तुमी कापड न्हेसून आयल्यात न्हय? मगे हें तबक धरात मात्शें." बाकीच्या मुली पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, म्हणून मान माझ्याकडे आला. तुटकी चप्पल खुर्चीखाली सरकवली आणि अनवाणी स्टेजवर चढले.

आपलं भाषण मी अगदी जवळून ऐकलं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचं नाव घेतलंत (एकदा रंगराजन झालं, चालायचंच). आपलं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, हे सांगितलंत. 1556 साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, हेही झालं. मग आपण गेलात, आपल्यामागून कॅमेरे गेले, यादीतली 20 माणसं संगणकांच्या खोलीत गेली आणि आम्हाला जेवणाचं पाकीट देऊन बाहेरचा रस्ता दाखवला. बुधवारच्या पेपरात फोटो आला, 'ग्रामीण ग्रंथपालांना संगणकाचे धडे'. फोटोत आपण आहात, समई आहे, कडेला तबक आणि एक कोपर आहे. धडे घेतलेला ग्रामीण ग्रंथपाल तो कोपर.

आमच्याकडे संगणक आहे बरं का. तीन वर्षांपूर्वी खोका आला, कमिटीने खोक्याबरोबर फोटो काढला. चालवायचा कसा हे सांगायला त्यानंतर कोणी फिरकलं नाही. आतला थर्मोकोल कमिटीतल्या एकाने चवथीला मखरासाठी नेला, संगणकावर मी जुनी ओढणी घालून ठेवलीय. माऊस धरायला शिकवलं गावातल्या नववीतल्या पोराने. 'कोहा' नावाची ग्रंथालयाची प्रणाली फुकट मिळते, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी बनली आणि 2000 सालापासून चालू आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीची 'ई-ग्रंथालय'ही आहे, हे सगळं मी घुमटीपाशी उभी राहून मोबाईलवर वाचलंय. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. आमच्यापर्यंत भेट पोचली ती तबकातली, तीसुद्धा तुम्हाला द्यायची.

पण संगणक राहू दे बाजूला. माझ्या 17 प्रश्नांतला पहिला प्रश्न बुरशीचा होता.

सहा वर्षांपूर्वीच्या पावसात मागच्या भिंतीला ओल आली आणि बांधीव दिवाळी अंकांच्या कपाटात बुरशी शिरली. हिरवट-पांढरी, हात लावला की पिठासारखी बोटाला यायची. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आपण कपडे उन्हात घालतो, सोलां (आमसुलं) उन्हात घालतो, मी पुस्तकंही उन्हात घातली. उघडीप मिळाली त्या दिवशी 43 खंड अंगणात चटईवर उघडे पसरले आणि एकेक ओल्या फडक्याने पुसला. केवढा कामाचा उरक, असं माझं मलाच वाटत होतं. संध्याकाळी पुठ्ठे धनुष्यासारखे वाकले होते, पानं पापडासारखी कडकडीत, आणि ओल्या फडक्याने बुरशी निघायची सोडून कागदात आणखी आत गेली होती. पुढे दोन वर्षांनी एका कॉलेजच्या निवृत्त ग्रंथपालबाई आमच्या गावात लग्नाला आल्या होत्या. त्यांनी मांडवात बसल्या बसल्या सांगितलं की सावलीत ठेवायचं, पंख्याचा वारा द्यायचा, पानांमध्ये टीपकागद घालून तो बदलत राहायचं, पूर्ण सुकलं की बाहेर नेऊन मऊ ब्रशने झटकायचं, नाकातोंडाला फडकं बांधून. पाच मिनिटंही लागली नाहीत सांगायला.

त्या 43 खंडांतला एक माझ्या सासऱ्यांनी वाचनालयाला दिलेला होता. अंथरुणाला खिळल्यावर ते विचारायचे, "म्हजो अंक खंय गो?" मी म्हणायचे, बांधायला दिलाय. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. रजिस्टरमध्ये 'जीर्ण, बाद' अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात. कमिटीला हे आजवर सांगितलं नव्हतं. आता वाचतील, वाचू देत.

ज्या रंगनाथनांच्या फोटोला तुम्ही हार घातलात, ते मुळात गणिताचे मास्तर. 1924 च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांनाही या कामातलं काही येत नव्हतं. कंटाळून ते परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले होते. तर त्यांना त्याच वर्षी लंडनला पाठवलं, शिकून या आणि मग काय ते ठरवा म्हणून. शिकून आले ते या कामाचेच झाले. पुस्तकं वापरासाठी असतात, इथपासून सुरू होणारी त्यांची पाच सूत्रं 1931 साली छापून आली. इंग्रजांचं राज्य, बोटीचा प्रवास, 1924 साल! आणि मी दोन बसेस बदलून पणजीला आले तर मला शेजारच्या खोलीत बसू दिलं नाही.

बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, मी केलंय, तेही सांगून टाकते, नाहीतर तुमचे साहेब म्हणतील बाई अशिक्षित. मुक्त विद्यापीठातून, काजूबियांच्या पैशांतून, चवथीच्या नेवऱ्या तळता तळता 891.46 म्हणजे मराठी साहित्य, पुढे 1 लावला की कविता, 2 नाटक, 3 कादंबरी, असे पुस्तकांच्या वर्गीकरणाचे आकडे घोकून. आजही प्रत्येक पुस्तकावर हा आकडा मी पेन्सिलीने घालते. पण ते पेपर लिहिण्यापुरतं झालं. हाताला वळण लागायला कोणीतरी शेजारी बसावं लागतं, भाकरी थापायला शिकताना आई बसते तसं.

आणि शिकायची सोय नाही म्हणावं तर तसंही नाही. गोव्याचा ग्रंथालय कायदा 1993 सालचा. केंद्राचं राष्ट्रीय ग्रंथालय मिशन 2014 मध्ये सुरू झालं, त्यात ग्रंथालयातल्या माणसांना शिकवणं हा वेगळा भाग आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान 1972 पासून आहे, ते पुस्तकांसाठी देतं तसं कार्यशाळा आणि उजळणी वर्गांसाठीही साहाय्य करतं. या सगळ्याची बातमी आमच्यापर्यंत कधी येते? अर्जाची तारीख गेल्यावर. माझ्याकडे अशी चार परिपत्रकं आहेत, एक तर 9 दिवस उशिरा आलेलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आता वर्गणीचा हिशोब लिहिते.

हिशोबावरून आठवलं. गोव्यात 191 ग्रामपंचायती. काही गावांत वाचनालय नसेल, काहींत दोन असतील, तरी पंचायतीमागे एक माणूस धरा. 20-20 च्या तुकड्या केल्या तर 10 तुकड्या, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे 20 दिवसांचं काम. बस-जेवणाला माणशी दिवसाला 500 रुपये धरले तर 1 लाख 91 हजार. शिकवणाऱ्याचं मानधन वेगळं, ते तुम्ही बघा. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, मी काही लेखापाल नाही. पण मंगळवारच्या स्टेजची फुलं, कमान आणि फ्लेक्स यांचं किती झालं ते मांडवकाराने मला सांगितलंय, आणि त्याचं बिल अडकू नये म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

कायम की मानधनावर. सगळं गोवं याच एका प्रश्नावर चाललंय, नाही का? शाळेत जा, इस्पितळात जा, पंचायतीत जा, काम करणारा बघितला की तो कंत्राटावर, आणि सही करणारा कायम. कायम व्हायला काय लागतं, त्याच्या गोष्टी 2024 मध्ये पेपरांतून रोज येत होत्या, नोकरीसाठी लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी आणि अटका. माझा मुलगा पदवीधर झालाय. तो विचारतो, आई, वाचनालयात अभ्यास करून लागते ती नोकरी कुठली? मी काय सांगू? मांडवीवर कॅसिनोंचे दिवे रात्रभर जळतात. नोव्हेंबरात इफ्फीला, त्या चित्रपट महोत्सवाला, तांबडा गालिचा पडतो. आमच्याकडे दिवे गेले की मी मेणबत्ती लावून देवघेव करते, तेही पुस्तकांच्या मधोमध, म्हणजे नियमाप्रमाणे गुन्हाच.

कोंकणी की मराठी, या भाषेच्या वादावरून तर आपण रस्ते अडवले, डोकी फोडली. 1987 चा राजभाषा कायदा आला तरी भांडण आहेच. माझ्या कपाटात मराठी आणि कोंकणी एकाला एक लागून आहेत, खालच्या फळीवर रोमी (रोमन) लिपीतली कोंकणी पुस्तकंही आहेत. बुरशी तिन्हींना सारखीच लागते, वाळवीला राजभाषा ठाऊक नाही. भाषेसाठी मोर्चा काढणाऱ्यांतला एकही जण त्या कपाटापाशी येऊन विचारत नाही की बाय, ही टिकवायची कशी ते तुला कोणी शिकवलं का? परवा आत बसलेल्यांपैकी एकीने फोनवर सांगितलं की शिकवणाऱ्याने सगळं इंग्रजीत सांगितलं, तिलाही अर्धंच कळलं. म्हणजे मला बाहेर ठेवून तुम्ही माझा अर्धा दिवस वाचवलात, आभार.

मागायचं काय, ते राहूनच गेलं. मानधनावरच्या माणसांना प्रशिक्षणाच्या यादीत घ्या. शिकवायला तालुक्याला या, वाळपईला शाळेचा वर्ग रविवारी रिकामा असतो. कुठे कसला कोर्स आहे, शेवटची तारीख काय आणि पैसे कोण भरणार, एवढं एका पानावर, महिन्यातून एकदा, मराठीत आणि कोंकणीत, टपालाने पाठवा. आणि पाऊस आणखी दोन महिने आहे, तेव्हा बुरशीचं कोणी शिकवणार असेल तर त्याला आधी पाठवा, संगणकवाला नंतर आला तरी चालेल.

12 ऑगस्ट परत जवळ आलाय. त्या दिवशी मी पणजीला येणार नाही. वाचनालय सकाळी 9 ते 1 आणि दुपारी 3 ते 6 उघडं असेल.

आपली,
एक ग्रंथपाल (मानधनावर), सत्तरी

ता. क. पेपरातला तो फोटो कापून ठेवलाय. आमच्याकडे कात्रणांनाही विषयवार आकडा घालायची पद्धत आहे. ग्रंथालयशास्त्र 020 मध्ये जातं आणि रंगभूमी 792 मध्ये. पेन्सिल हातात घेऊन बसलेय, कुठला घालू तेवढं कळवावं.