गाळलेलं वाक्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पुनर्जन्मावरचा लेख मी आज, सोमवारी, दुसऱ्यांदा वाचला. काल तो माझ्या मुलाने मला वाचून दाखवला होता. महिन्यापूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर तोच मला पेपर वाचून दाखवतो. त्याचं बोलणं सावकाश आहे, शब्द ओढत ओढत बाहेर येतात, पण तो काही सोडत नाही, निविदा सूचनासुद्धा वाचतो. काल मात्र तिसऱ्या रकान्यात तो अडला, क्षणभर थांबला आणि पुढे गेला. मला वाटलं, दम लागला असेल. आज भिंग घेऊन बसले तेव्हा कळलं, त्याने एक वाक्य गाळलं होतं.

ते वाक्य असं: ‘जन्मतः व्यंग घेऊन येणारा जीव पूर्वजन्मीच्या पापाचं देणं फेडत असतो, एरवी या विषमतेचा उलगडा होत नाही.’

माझा मुलगा ३५ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. एरवी माझी पत्रं तोच संगणकावर टाइप करून देतो. हे मी हाताने लिहिते आहे.

पुनर्जन्म आहे की नाही, यावर लेखकांशी वाद घालण्याइतका माझा अभ्यास नाही. पण त्यांनी जे पुरावे दिलेत ते तरी नीट मांडायला हवे होते. दिल्लीच्या शांतीदेवीला मथुरेतलं मागच्या जन्मीचं घर आठवलं, १९३५ साली त्यावर समिती नेमली गेली, हे सगळे सांगतात. त्याच प्रकरणाची चौकशी करून बालचंद नाहटा यांनी ‘यावरून पुनर्जन्म सिद्ध होत नाही’ असा उलटा निष्कर्ष काढला, हे कोणी सांगत नाही. डॉ. इयान स्टीव्हन्सन यांचं नाव लेखात चार वेळा आलं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या या मानसोपचारतज्ज्ञाने मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या सुमारे अडीच हजार नोंदी जमवल्या. मुलं दोन ते चार वर्षांची असताना बोलायला लागतात आणि शाळेत रुळली की विसरतात, असं त्यांना आढळलं. माणूस कष्टाळू होता, त्याबद्दल आदरच आहे. पण १९६६ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच या घटना पुनर्जन्म ‘सुचवणाऱ्या’ आहेत एवढंच म्हटलं आहे. सिद्ध झालं, असा दावा त्यांनी स्वतः केला नाही. तो आपल्या लेखकांनी त्यांच्या वतीने करून टाकला.

आणि मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. या नोंदींमध्ये पापाची शिक्षा म्हणून पुढचा जन्म मिळतो याला आधार दिसत नाही, हे स्टीव्हन्सन यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांनी जन्मखुणांची शेकडो उदाहरणं गोळा केली. कोणाला गोळी लागून मरण आलं आणि पुढे एखाद्या मुलाच्या अंगावर त्याच जागी डाग दिसला, अशी. एखाददुसरा अपवाद सोडला तर खूण आली ती मारल्या गेलेल्या माणसाची, मारणाऱ्याची नव्हे. मग तोच पुरावा मानायचा तर माझ्या मुलाने कोणाचं काही वाईट केलं नव्हतं, उलट त्याच्यावरच कोणीतरी घाव घातला होता, असं म्हणावं लागेल. लेखकांना हे चालेल का? ज्या माणसाच्या नोंदींचा आधार घेतला, त्याचंच म्हणणं उलटं करून एका अपंग माणसाच्या माथी मारायचं, हे मला फार लागलं.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. तरीही मी स्वतः या पापाच्या समजुतीला बळी पडले आहे, ते आज लिहून टाकते.

मुलगा १९९० साली आठ आठवडे आधी जन्मला. वजन दीड किलोसुद्धा नव्हतं, काचेच्या पेटीत ठेवला होता. वर्षाचा झाला तरी बसेना, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांशेजारचा भाग फार नाजूक असतो, तिथे रक्तपुरवठा कमी पडला की पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते. मी विचारलं, सगळ्याच अशा बाळांना होतं का? ते म्हणाले, “नाही, काहींना होतं.” त्या ‘काहींना’ या शब्दावर मी कित्येक रात्री जागून काढल्या. आमचाच का, याला त्यात उत्तर नव्हतं.

ते उत्तर एका परिचित ज्योतिषांनी दिलं. पत्रिका पाहून म्हणाले, मागच्या जन्मी याच्या हातून नाग मारला गेला आहे. लोक अशा गोष्टींवर विश्वास का ठेवतात, असं आपल्या लेखकांनी शेवटी विचारलं आहे. मी का ठेवला ते सांगते. पाप असेल तर ते फेडता येतं. त्याला विधी असतो, तारीख असते, खर्च असतो, आणि सगळं संपलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं. ‘काहींना होतं’ हे कशानेच फिटत नाही. यजमानांनी पतपेढीतून कर्ज काढलं, आणि १९९६ साली सहा वर्षांच्या पोराला एसटीने त्र्यंबकेश्वरला नेऊन आम्ही तीन दिवसांचा नारायण नागबळी केला. इथवर झालं असतं तरी मी गप्प बसले असते. पण त्याच ज्योतिषांनी सांगितलं होतं की फळ यायला वर्ष लागतं, तोवर ते लोखंडी कॅलिपर आणि व्यायाम बंद ठेवा, दोन मार्ग एकत्र नकोत. आम्ही बंद ठेवले, १४ महिने. वाढत्या वयातलं मूल ते. टाचेमागची शीर आखडत गेली, टाच जमिनीला टेकेना. आठव्या वर्षी ऑपरेशन करून ती सैल करावी लागली. महिनाभर प्लास्टर, आणि रात्री तो ज्या आवाजात रडायचा तो आवाज मला अजून आठवतो. ते १४ महिने मागच्या जन्मातल्या कोणी घेतले नाहीत. ते याच जन्मात मी घेतले.

याच पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर ज्योतिषांची चाचणी घेतली, तेव्हा मी ती बातमी कापून ठेवली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद (तेव्हा हाच शब्द वापरायचे) मुलांच्या पत्रिका घेऊन त्यातून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या होत्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं होतं. पत्रिका ५१ जणांनी मागवल्या, उत्तरं २७ जणांनी पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं तर निम्मी आली असती. आमच्या घरी पत्रिका पाहून नाग दिसला होता, तो कुठून दिसला, हे तेव्हा कळलं.

हे वाचून मी पुनर्जन्म मानणाऱ्यांच्या विरोधात आहे असं समजू नका. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पक्क्या मानणाऱ्या. शनिवार पेठेतल्या वाड्यात दोन जिने चढून आमच्या खोल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावला की त्या माझ्या मुलाचे पाय मांडीवर घेऊन तिळाच्या तेलाने चोळायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या, “कोण जाणे रे, मागल्या जन्मी तू मला पाठुंगळीला घेऊन डोंगर चढला असशील. तेव्हाचे पाय दुखतायत तुझे. मला फेडू दे.” त्र्यंबकेश्वरहून आल्यावर त्यांनी मला एकदाच सुनावलं होतं. “अगं, देणं माझं आहे, त्याचं नाही. त्याला कशाला उन्हात नेलंस?” चौदा वर्षं त्यांनी ते देणं फेडलं, २००४ साली जाईपर्यंत. ऋणानुबंध म्हणजे काय ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले. हिशेबात स्वतःला ऋणको धरायचं, समोरच्याला नाही.

त्यांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला. कोणी म्हणालं, नातवाचा जीव अडकलाय. मग यानेच खुर्चीतून सांगितलं, “आजी, मी व्यायाम सोडणार नाही.” थोड्या वेळाने कावळा आला. याला मी पुरावा म्हणत नाही, घाटावर कावळे असतातच. पण तेव्हा तो यावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि आला तेव्हा मी रडले. आणि मुलाने तो शब्द आजवर पाळला आहे.

पुनर्जन्म मानणाऱ्या बुद्धांनासुद्धा एकाने विचारलं होतं की माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच होतं का. त्यांनी नाही म्हटलं. पित्त, कफ, वात, तिघांचा बिघाड, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणं सांगून कर्म शेवटी, आठवं सांगितलं. लेखकांनी आधीची सातही गाळली. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या ७७ टक्के हिंदूंनी कर्म मानत असल्याचं सांगितलं आणि पुनर्जन्म ४० टक्क्यांनी. म्हणजे पुढच्या जन्माची खात्री नसलेली कितीतरी माणसंसुद्धा केलेलं भोगावं लागतं असं धरून चालतात. यात दुसऱ्याचं भोगणं पाहताना त्याचंच काही चुकलं असेल असं वाटून घेणं सोपं जातं. आमच्या सोसायटीतही लिफ्टमध्ये हे ऐकलं आहे, त्याच्यासमोर.

आणि त्याच पानावर तळाला पूर्वजन्मात घेऊन जाणाऱ्या शिबिराची जाहिरात होती. संमोहनाखाली माणसाला जे ‘आठवतं’ ते बरंचसं संमोहन करणाऱ्याने आधी सुचवलेल्या गोष्टींवरून ठरतं, हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनॉस यांनी १९९१ मध्ये प्रयोग करून दाखवलं आहे. जाहिरात घेणं न घेणं आपल्या हातात आहे. लेखाच्या खाली ती लावू नये, एवढं तरी करता येईल. एखादी १९९६ मधली मी ते पान वाचत असेल.

पुढच्या रविवारी उत्तरार्ध येणार असं छापलं आहे. माझी विनंती आहे की त्याआधी लेखकांनी आमच्या घरी यावं. मुलगा सकाळी आठ ते नऊ व्यायाम करतो, त्यानंतर कधीही. त्यांनी ते वाक्य त्याच्यासमोर बसून वाचावं. नाहीतर ते मागे घेतल्याचं त्याच जागी, त्याच पुरवणीत छापावं. वाचकपत्रांच्या कोपऱ्यात नको.

शिवाय पुरवणीचा टाइप गेल्या वर्षापासून फारच बारीक केला आहे. माझ्या वयाच्या बऱ्याच वाचकांची हीच तक्रार आहे. मी मागेही लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. शब्दकोड्यातले आकडे तर भिंगानेही दिसत नाहीत. टाइप मोठा असता तर ते वाक्य मी काल स्वतःच वाचलं असतं आणि त्याला ते माझ्यापासून लपवावं लागलं नसतं.

आपली,
एक जुनी वाचक,
कर्वेनगर, पुणे